बैलाच्या कानात नंबर, मग ट्रॉलीवर का नाही?

ट्रॉलीची चोरी कशी टाळावी, आणि झालीच तर काय करावे

गेल्या वर्षीची, पोळ्याच्या आधीची गोष्ट आहे. उमरेड रस्त्यावरच्या एका गावात सोयाबीनवरची अळी पाहायला गेलो होतो. वावरातून परत येताना रस्त्याच्या कडेला एक काकाजी डोक्याला हात लावून बसलेले दिसले. ओळखीचे होते, म्हणून गाडी थांबवली. "काय झालं काकाजी?" म्हटलं, तर म्हणाले, "साहेब, ट्रॉली गेली न जी माही."

ट्रॉली दोन चाकांची, दहा वर्षं वापरलेली, पण चांगली भक्कम. वावरात चिखल होता म्हणून त्यांनी ती रस्त्यालगत धुऱ्याजवळ सोडली आणि ट्रॅक्टर घरी नेला. चोरी कधी झाली असं विचारलं, तेव्हा कळलं की चोरी होऊन चार दिवस उलटले होते आणि काकाजींना ती त्याच दिवशी कळली होती!

"मले वाटलं पुतण्यानं नेली असन. त्याले खत आणाचं होतं. म्हणून मी विचारलंच नाही जी." चार दिवसांनी तोच पुतण्या ट्रॉली मागायला घरी आला आणि मग घरात रडारड सुरू झाली.

यातली खरी मेख पुढेच आहे. शेजारच्या वावरात एक जण रानडुकरांसाठी जागल करत होता. रात्री एकच्या सुमाराला रिकामा ट्रॅक्टर येताना आणि ट्रॉली जोडून जाताना त्याने डोळ्याने पाहिला. त्याने बॅटरीचा उजेडही मारला. ट्रॅक्टरवाल्याने हात दाखवला, यानेही हात दाखवला. त्यालाही वाटलं की घरचंच कोणी असेल.

शेतकरी बंधू-भगिनींनो, चोराने कुलूप तोडलं नाही की भिंत फोडली नाही. ट्रॅक्टरची पिन लावली आणि रस्त्याला लागला. त्याला अडवू शकणारा माणूस जागा होता, पण ही चोरी आहे हे त्याला समजलं नाही. आपल्या गावात ट्रॉली घरोघरी फिरते, आज याच्या घरी तर उद्या त्याच्या घरी. ही चांगलीच रीत आहे, ती मोडा असं मी म्हणणार नाही. पण चोराला याच रितीचा फायदा होतो. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

ट्रॉलीच का जाते?

ट्रॅक्टरला चावी असते, इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो. ट्रॅक्टर चोरणारा दहा वेळा विचार करतो. ट्रॉलीला इंजिन नाही, चावी नाही आणि आवाजही नाही. कोणत्याही कंपनीचा ट्रॅक्टर आणा, पिन घाला, ती मुकाट्याने मागे चालू लागते. बैल निदान आपला धनी ओळखतो, परक्या माणसाला शिंग दाखवतो. ट्रॉली कोणालाच ओळखत नाही.

दुसरं कारण म्हणजे सगळ्या ट्रॉल्या दिसायला सारख्याच. बऱ्याचशा आपल्याच तालुक्याच्या ठिकाणी वेल्डिंगच्या दुकानात बनलेल्या असतात. एका दुपारी लाल रंगाची निळी करता येते. फाळके बदलले की मालकालाही चटकन ओळखू येत नाही.

तिसरं कारण ट्रॉलीचा रिकामा काळ. खरिपाची पेरणी आटोपली की सवंगणीपर्यंत तिला फारसं काम नसतं. ती धुऱ्यावर, खळ्यावर किंवा रस्त्याच्या कडेला पडून राहते. आठ-आठ दिवस तिच्याकडे कोणी फिरकत नाही. उन्हाळ्यात लग्नसराईतही तेच, सगळं घर लग्नाला आणि ट्रॉली वावरात. आपल्या जिल्ह्यातून चारही दिशांना मोठे रस्ते जातात. सावनेर, नरखेड, पारशिवनी आणि रामटेक या तालुक्यांना तर मध्य प्रदेशची हद्द लागून आहे. रात्री गेलेली वस्तू उजाडेपर्यंत बरीच लांब पोचते.

सापडली, पण हाती आली नाही

काकाजींची गोष्ट एवढ्यावर संपली नाही. अडीच महिन्यांनी दुसऱ्या तालुक्यात पोलिसांनी काही ट्रॉल्या पकडल्या आणि ज्यांच्या तक्रारी होत्या त्यांना ओळख पटवायला बोलावलं. काकाजी मोठ्या आशेने गेले. तिथे तीन ट्रॉल्या ओळीने उभ्या होत्या, तिन्ही नव्याने निळ्या रंगवलेल्या. मागचा फाळका थोडा वाकलेला होता त्यावरून एक आपली आहे असं काकाजींना वाटलं. पण त्याच ट्रॉलीवर आणखी एका शेतकऱ्याने हक्क सांगितला.

नंबर काय, असं विचारलं. नंबर नव्हता, नोंदणीच केलेली नव्हती. बिल होतं का? दहा वर्षांपूर्वी दुकानदाराने वहीच्या कागदावर आकडा लिहून दिला होता, तो पावसात गेला. फोटो? ट्रॉलीचा फोटो कोण काढून ठेवतो? आता पोलिसांनी तरी कशाच्या आधारावर ती यांच्या हवाली करावी?

शेजारी दुसरी ट्रॉली उभी होती. तिचा मालक खाली वाकला, बॅटरीचा उजेड मारला आणि चेसिसच्या पट्टीवरचा रंग खिळ्याने खरवडला. आतून वेल्डिंगने उठवलेली गावाची दोन अक्षरं आणि खसरा नंबर निघाला. त्याने तक्रारीतही तेच लिहिलेलं होतं. पुढे न्यायालयात अर्ज करून त्याने ती ट्रॉली सोडवून नेली. काकाजी एसटीने घरी परत आले.

त्या वर्षी सोयाबीन सवंगलं तेव्हा त्यांना भाड्याची ट्रॉली वेळेवर मिळाली नाही. सगळ्यांची घाई एकाच वेळी असते. गंजी वावरातच राहिली आणि दसऱ्याच्या तोंडावर पाऊस आला. खालचा माल काळा पडला. म्हणजे ट्रॉली गेली ती गेलीच, वरून पिकाचा भावही गेला. लाख-दीड लाखाच्या वस्तूवर वेल्डिंगच्या दोन-चार रॉडचा खर्च केला असता तर ही पाळी आली नसती.

आपल्या गाई-बैलांच्या कानात आता बारा अंकी नंबराचा पिवळा बिल्ला असतो. जनावराला नंबर हवा हे आपण मान्य केलं. ट्रॉलीच्या मागे 'आईचा आशीर्वाद' लिहायला आपण पेंटरला खुशीने पैसे देतो. मग त्याच हाताने नंबर लिहून घ्यायला काय हरकत आहे?

पहिलं काम : नंबर आणि कागद

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे ट्रॉली, म्हणजे कायद्याच्या भाषेत ट्रेलर, हे मोटार वाहनच आहे. रस्त्यावर आणायचं तर तिची स्वतंत्र नोंदणी लागते. याच कायद्याचं कलम ६१ सांगतं की ट्रॉलीचा स्वतःचा नोंदणी क्रमांक तिच्या बाजूला लिहिलेला असावा आणि ती ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा क्रमांक ट्रॉलीवर मागून दिसावा. पुष्कळांना वाटतं की ट्रॅक्टर पास झाला म्हणजे ट्रॉलीही झाली. तसं नाही. नागपूर ग्रामीण कार्यालयाचे क्रमांक एमएच-४० ने सुरू होतात, तसा तुमच्या ट्रॉलीचाही वेगळा क्रमांक असायला हवा.

नवीन ट्रॉली घेताना आगाऊ पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : नोंदणीसाठी लागणारे कागद देशील का? विक्रीचं प्रमाणपत्र (नमुना २१), वाहन रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचं बनवणाऱ्याचं प्रमाणपत्र (नमुना २२) आणि पक्कं बिल, हे कागद मिळत नसतील तर स्वस्तात मिळणारी ट्रॉली शेवटी महाग पडते. बिलावर चेसिस नंबर, लांबी-रुंदी, चाकं दोन की चार, टायरचा आकार हे सगळं लिहून घ्या.

जुनी, बिनकागदाची ट्रॉली असेल तर नोंदणीचं काय करता येईल ते आरटीओ कार्यालयात जाऊन विचारा. पण तोवर हात बांधून बसू नका. ओळखीची खूण तर आजच करता येते. ती अशी करावी :

नंबर तीन ठिकाणी टाका. एक उघड, नजरेस पडेल असा, बाजूच्या पत्र्यावर आणि मागच्या फाळक्यावर ठळक रंगाने. दुसरा चेसिसच्या पट्टीवर खालच्या अंगाने, वेल्डिंगच्या रॉडने उठवलेला. तिसरा असा जागी, की तो फक्त तुम्हाला आणि घरच्यांना माहीत असेल. उघडा नंबर चोराला दिसावा म्हणून असतो आणि लपवलेला पोलिसांना दाखवायला. रंग खरवडता येतो, पण उठवलेली अक्षरं घासायला यंत्र लागतं, वेळ लागतो आणि घासल्याची खूण मागे राहते.

नंबर कोणता टाकावा? नोंदणी क्रमांक असेल तर तोच. नसेल तर गावाची अक्षरं आणि खसरा नंबर. आधार किंवा बँक खात्याचा नंबर मात्र कधीही टाकू नका.

एक तांत्रिक सूचना. एक्सल, चाकाची डिस्क आणि ट्रॅक्टरला जोडायची कडी, यांवर वेल्डिंग करू नका. भार पेलणारी जागा तापवली की कमजोर होते आणि भरल्या ट्रॉलीखाली तुटू शकते. दांडीवर नंबर हवा असेल तर अंकांचे ठोकायचे पंच मिळतात, त्यांनी उठवा. वेल्डिंग करताना ट्रॅक्टर सोडवून दूर ठेवा आणि ट्रॉलीतलं कुटार, तणस झाडून काढा. ठिणगी पडायला वेळ लागत नाही.

मग मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. पाचवा फोटो खालून, सहावा उठवलेल्या नंबराचा. टायरवरचे नंबरही टिपून ठेवा. कुठे ठिगळ मारलं असेल, फाळका वाकला असेल, तर त्याचाही फोटो घ्या. पोराच्या मोबाइलमध्ये एक प्रत असू द्या, कारण मोबाइलही हरवतो. बिल आणि नोंदणीच्या झेरॉक्स सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा.

हा प्रश्न काही आपल्याच देशाचा नाही. विलायतेत लोक सुट्टीत मोटारीच्या मागे चाकांवरचं लहानसं घर जोडून फिरायला जातात, त्याला कॅरव्हॅन म्हणतात. त्यालाही इंजिन नसतं, तेही कोणीही ओढून नेऊ शकतो. म्हणून ब्रिटनमध्ये १९९२ पासून कॅरव्हॅनला नोंदीचा क्रमांक द्यायला सुरुवात झाली आणि तो खिडकीच्या काचांवरही कोरला जाऊ लागला. काच काढून क्रमांक पुसायचा म्हणजे चोराला सगळ्याच काचा बदलाव्या लागणार. तिथे ट्रॅक्टर आणि शेतीच्या यंत्रांसाठीही २००७ पासून अशीच खूण-नोंद योजना आहे. कॅरव्हॅनवाले सोबतीला जोडणीच्या जागी कुलूप आणि चाकाला लोखंडी पकड लावतात. आपल्याला त्यांच्याइतका खर्च करायची गरज नाही. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून तेच काम होतं.

दुसरं काम : अडथळा

कोणतंही कुलूप तुटतं, हे आधी समजून घ्या. कुलपाचं काम चोराला वेळ लावणं आणि आवाज करायला लावणं हे आहे. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं झालं की चोर पुढच्या ट्रॉलीकडे जातो. म्हणून एका मोठ्या कुलपापेक्षा दोन-तीन लहान अडचणी जास्त उपयोगी पडतात.

जागा : ट्रॉली रस्त्यालगत सोडू नका. घराच्या किंवा कोठ्याच्या नजरेत ठेवा. दांडी भिंतीकडे किंवा झाडाकडे आणि मागचा फाळका रस्त्याकडे, अशी मागून ढकलून लावा. दांडीसमोर ट्रॅक्टर यायला जागाच नसेल तर जोडणार कसा? वावरात ठेवावीच लागली तर दांडीसमोर रोटाव्हेटर किंवा वखर आडवा टाका. वावराच्या तोंडाशी दोन खांब रोवून साखळी लावली तर गुरांचाही बंदोबस्त होतो.

कडी : दांडीच्या कडीत ट्रॅक्टरची पिन जाते. त्या छिद्रात बसेल असा जाड लोखंडी गोळा किंवा बोल्ट करून घ्या आणि त्याला आडवं कुलूप लावा. छिद्र भरलं की पिन जाणार नाही. पण चोर दांडीला साखळी बांधूनही ओढू शकतो, म्हणून एवढ्यावर थांबू नका.

चाक : जाड साखळी चाकाच्या डिस्कच्या छिद्रातून काढून चेसिसभोवती फिरवा आणि कुलूप लावा. जवळ कडुनिंबाचं मोठं झाड असेल तर साखळी त्यालाही गुंडाळा. चाक फिरलं नाही तर ट्रॉली फरपटत न्यावी लागते आणि त्याचा आवाज सगळ्या गावाला ऐकू जातो. कुलूप जमिनीवर लोळत ठेवू नका. दगडावर ठेवून घण मारला की ते तुटतं. साखळी ताणून, कुलूप वर आतल्या बाजूला राहील असं लावा. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी त्यात तेलाचे दोन थेंब सोडा, नाहीतर सवंगणीच्या दिवशी ते तुम्हालाच उघडणार नाही.

टेकू : दोन चाकी ट्रॉलीच्या दांडीखालचा स्टँड किंवा जॅक निघत असेल तर घरी घेऊन या. दांडी जमिनीवर टेकलेली असेल तर ती उचलून जोडायला जास्त माणसं लागतात. पिनही ट्रॉलीत ठेवू नका.

लांब मुदत : महिना-दोन महिने काम नसेल तर ट्रॉली भक्कम दगडांवर किंवा लाकडी ओंडक्यांवर टेकवून एक चाक काढून घरात ठेवा. यापेक्षा खात्रीचा उपाय मला तरी माहीत नाही. फक्त टेकू पक्के द्या आणि लेकरांना तिच्याखाली खेळू देऊ नका. काही जण टायरची हवा सोडून ठेवतात. तसं करू नका, वजनाने टायर बाजूने चिरतो आणि चोर हवा भरायचा पंप सोबत आणू शकतो.

आजकाल जागा दाखवणारं जीपीएस यंत्रही मिळतं. ट्रॉलीला बॅटरी नसते, म्हणून चार्जिंगवर चालणारं घ्यावं लागतं. त्यातल्या सिमला रिचार्ज लागतो आणि तुमच्या शिवारात मोबाइलला रेंज असावी लागते. घ्यायचं तर या तीन गोष्टी तपासून घ्या. चेसिसच्या आत, पाणी लागणार नाही अशा ठिकाणी लपवा. पण यंत्र लावलं म्हणून साखळी काढू नका.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. ट्रॉलीला, कुंपणाला करंट लावू नका. विदर्भात जनावरांसाठी सोडलेल्या करंटने माणसं मेली आहेत, वाघ मेले आहेत. ओल्या जमिनीत पहिला बळी बहुतेक घरचाच माणूस, शेजारी किंवा गडी असतो. ट्रॉली परत घेता येईल, माणूस परत येत नाही. वरून गुन्हा दाखल होईल तो तुमच्यावरच.

तिसरं काम : गावाचे डोळे

आता काकाजींच्या शेजाऱ्याकडे वळू. तो जागा होता, तरी चोरी झाली. याला एकच उपाय आहे : ट्रॉली नेणाऱ्याने सांगून न्यावी.

आमच्या एका गावात शेतकरी गटाने साधा नियम केला. ट्रॉली ज्याला हवी त्याने मालकाच्या घरी सांगायचं आणि गटाच्या व्हॉट्सअॅपवर एक ओळ टाकायची : अमक्याची ट्रॉली अमक्याने नेली, अमक्या दिवशी परत आणणार. ज्याच्याकडे तसा मोबाइल नाही त्याने किराणा दुकानाच्या पाटीवर लिहायचं. आणि दिवस मावळल्यावर कोणाचीही ट्रॉली हलवायची नाही. अडचणच असेल तर मालकाला आधी फोन करायचा. आता त्या गावात रात्री ट्रॉली चालताना दिसली की बघणारा हात दाखवत नाही, फोन लावतो.

हा नियम करायला ग्रामसभेच्या ठरावाची वाट पाहायची गरज नाही. चार घरं एकत्र आली की पुरे. पोलीस पाटलांना सोबत घ्या. गावात ग्राम सुरक्षा दल असेल तर त्यांच्या फेरीत खळी आणि रस्त्यालगतची वावरं येतील असं बघा. जागल करणारे तर रात्रभर वावरात असतातच. त्यांच्याकडे सगळ्यांचे फोन नंबर असू द्या. अनोळखी ट्रॅक्टर दिसला तर शक्य असल्यास नंबर टिपावा, कोणत्या दिशेने गेला ते पाहावं आणि ११२ वर फोन करावा. एकट्याने आडवं जाऊ नये.

गावकऱ्यांनीही डोकं शांत ठेवावं. एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेवरून जमावाने तीन निरपराध माणसांचा जीव घेतला. कोणी संशयित सापडला तर त्याला बसवून ठेवा, पोलिसांना बोलवा. मारहाण करू नका.

चोरी झालीच तर

चार दिवस थांबू नका. ट्रॉली जागेवर दिसली नाही की अर्ध्या तासात घरच्यांना, भावकीला, शेजाऱ्यांना फोन करून विचारा. कोणीच नेली नसेल तर लगेच ११२ वर कळवा आणि पोलीस ठाणे गाठा. जागेवर चाकांच्या खुणा असतील तर त्या तुडवू नका, फोटो काढा. रस्त्यावरचे पेट्रोल पंप, धाबे, धरमकाटे यांच्या कॅमेऱ्यात काही दिसतं का ते पोलिसांना सुचवा. कॅमेऱ्यातली चित्रं काही दिवसांनी आपोआप पुसली जातात, म्हणून घाई महत्त्वाची.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. पूर्वी चोरीसाठी कलम ३७९ होतं, आता कलम ३०३ आहे. सोबतच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखं आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, तुम्ही खबर कोणत्याही ठाण्यात देऊ शकता. आपल्याकडे याचं महत्त्व जास्त आहे, कारण हिंगणा, कामठीकडचा काही भाग शहर पोलीस आयुक्तालयात येतो आणि बाकी तालुके ग्रामीण पोलिसांकडे. हद्द कोणाची याचा घोळ तुम्ही सोडवायचा नाही. खबरेची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. खबर नोंदवली गेली नाही, तर तीच हकिकत लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

तक्रारीत नुसतं 'लाल ट्रॉली गेली' असं लिहू नका. नोंदणी क्रमांक, उठवलेली अक्षरं कुठे आहेत, लांबी-रुंदी, टायर, ठिगळं हे सगळं लिहा आणि फोटो जोडा. पुढे ओळख पटवताना हेच कामी येतं.

ट्रॉली सापडली आणि ओळख पटली तर न्यायालयात अर्ज करून ती हमीपत्रावर ताब्यात मागता येते, त्यालाच आपण सुपूर्दनामा म्हणतो. खटला संपेपर्यंत वाहनं ठाण्याच्या आवारात सडत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितलेलं आहे. त्यामुळे खटला लांबेल या भीतीने हक्क सोडू नका.

विम्याचंही पाहून ठेवा. ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉली आपोआप येत नाही. पॉलिसीत तिचा उल्लेख आणि तिचा हप्ता असावा लागतो. शिवाय पॉलिसी फक्त तिसऱ्या पक्षाची असेल तर चोरीचे पैसे मिळत नाहीत. चोरी झाली की विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. तपास लागला नाही तर पोलिसांकडून 'गुन्हा खरा पण शोध लागला नाही' असा अंतिम अहवाल होतो, त्याची प्रत दाव्यासाठी लागते.

स्वस्त ट्रॉली महाग पडते

चोरलेली ट्रॉली शेवटी कोणी तरी विकत घेतो, म्हणूनच ती चोरली जाते. आणि घेणाराही बहुतेक आपल्यासारखाच शेतकरी असतो. अर्ध्या किमतीत, रात्रीच्या वेळी, बिनकागदाची ट्रॉली कोणी देत असेल तर समजून जा. चोरीची वस्तू आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना ती घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ट्रॉली जप्त होते आणि पैसेही बुडतात.

जुनी घ्यायचीच तर मालकाच्या घरी जाऊन, दिवसा, नोंदणीपुस्तक पाहून घ्या. खाली वाकून चेसिस बघा. कुठे घासलेलं, नव्याने रंगवलेलं किंवा पट्टी कापून जोडलेलं दिसलं तर सौदा सोडा. नमुना २९ आणि ३० भरून नाव बदलून घ्या. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

पोळ्याला एवढं करा

काकाजींनी यंदा भावासोबत भागीत दुसरी ट्रॉली घेतली, नोंदणीसह. परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी चहाच्या आधी मला कोठ्यात नेलं. वाकायला लावलं, बॅटरीचा उजेड मारला आणि चेसिसखालचा नंबर दाखवला. दुसरा उठवलेला नंबर कुठे आहे ते मात्र सांगितलं नाही. म्हणाले, "ते तुमालेही नाही सांगत जी."

पोळा जवळ आला आहे. त्या दिवशी आपण बैलाला न्हाऊ-माखू घालतो, शिंगं रंगवतो. ज्यांच्या घरी बैल उरले नाहीत ते ट्रॅक्टर धुऊन त्यालाच हार घालतात. यंदा त्याच दिवशी ट्रॉलीही धुऊन काढा. रंगाचा डबा उघडलेलाच असतो, त्यातूनच नंबर ठळक लिहा, मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावा म्हणजे रात्रीचा अपघातही टळेल. चार फोटो काढा. कुलपात तेल सोडा. आणि पोळ्याला तोरणाखाली सगळं गाव जमतं तेव्हा एवढं ठरवून टाका, की ट्रॉली हवी तेव्हा द्यायची, पण नेणाऱ्याने सांगूनच न्यायची.